काचेच्या खोलीतला धवला

आमच्या वडिलांना आचोळे गावात सगळे 'डबल' म्हणायचे, कारण ते प्रत्येक गोष्ट दोनदा बोलत. कोणी ओट्यापाशी थांबून म्हणालं, "काय, भात झोडून झालं का?" की वडील लगेच, "भात झोडून झालं का विचारतोस? झालं की!" समोरच्याला वाटायचं, या माणसाला पाल्हाळाची खोड आहे. खरं कारण ओट्यावर त्यांच्या समोरच बसलेलं असायचं. ती माझी आते. वडील लोकांचा प्रश्न तिच्याकडे तोंड करून पुन्हा बोलत, ती तो त्यांच्या ओठांवरून उचले आणि पुष्कळदा वडिलांच्या आधी तीच उत्तर देऊन मोकळी होई. गावाला ती हजरजबाबी वाटायची. बहिरी हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलेला मला आठवत नाही. "तिला जरा कमी येतं," एवढंच आम्ही म्हणत असू, आणि तेही दार लावून.

हे झाकण्याला कारण होतं. आते धवलारीण आहे. आमच्या आगरी लोकांत लग्नाचे विधी धवल्यावर चालतात. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, तो धवला, आणि तो गाणारी ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर लोक चहा घेत वाट बघतात, धवलारीण उशिरा आली तर घरातल्या बायकांचे चेहरे उतरतात. धवले दोघींनी म्हणायचे असतात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. आणि एकदा सुरू झालेला धवला मध्ये तोडायचा नाही, तो अपशकुन, असं आमच्याकडे मानतात. आतेने तो तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून घेतला. आजीचा आवाज जाडसर होता आणि वरच्या ठिकाणी किंचित फाटायचा, असं सगळे सांगतात. मी तिला पाहिलंय, ऐकल्याचं आठवत नाही. तिचा आवाज कुठे भरून ठेवायचं तेव्हा कोणाला सुचलंही नाही.

आते लग्नानंतर लवकरच विधवा झाली आणि माहेरी परत आली. हळदीच्या ताटाला तिने हात लावलेला बायकांना चालत नसे. पण धवला मात्र तिच्याशिवाय सुरू होत नसे. एरवी मागच्या दाराशी बसणाऱ्या या बाईला त्या दिवशी मांडवाच्या मधोमध पाट मिळायचा. तिच्याकडे स्वतःची म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती.

वडील गेले आणि तिचे कान गेले. आमच्या शेताच्या जागी आता इमारती आहेत आणि त्यांतल्याच एकीत तिसऱ्या मजल्यावर मी नवऱ्यासोबत राहते. माझ्या गॅलरीतून जुन्या घराची कौलं आणि अंगण दिसतं. आतेने माझ्याकडे यायला साफ नकार दिला. "वरती पाय जमिनीला लागत नाय," म्हणाली. मग मीच दिवसातून दोन-तीनदा गॅलरीत उभी राहून तिच्यावर लक्ष ठेवायची.

अशीच एका सकाळी उभी होते. आते गल्लीत पाठमोरी वाकून वाळवण गोळा करत होती आणि पाण्याचा टँकर मागे मागे येत होता. मागे येताना तो जो भोंगा वाजवतो त्याने अख्खी इमारत जागी होते. आतेने मान वळवली नाही. मी वरून किंचाळले. माझ्या किंचाळण्याचा काय उपयोग होणार होता! क्लीनरने गाडीच्या पत्र्यावर हात आपटले, टँकर तिच्या पदरापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर उतरून ओरडला, "ओ मौसी, बहरी है क्या?" आतेने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हिंदी ओठ तिला नीट कळत नाहीत. ती गोड हसली आणि मान हलवून हो म्हणाली.

मी चप्पल न घालता खाली धावले. मला राग आला की आधी तोंड सुटतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी ड्रायव्हरला बोलले, क्लीनरला बोलले, मग आतेला घरात आणून, समोर धरून बोलले. "आता बस झालं. आपण कान तपासायचे. सरकारी सर्टिफिकेट काढायचं. मशीन मिळतं, प्रवासात सवलत मिळते, नियमात बसलीस तर महिन्याची मदतसुद्धा मिळेल."

"मना काय झालाय?"

"तुला ऐकू येत नाही, आते."

ती आधी गल्लीत कोणी आहे का ते बघून आली. मग दार लोटून मला हळू आवाजात म्हणाली, "सरकारनं लिवून दिला की सगल्या गावाला कलंल. बहिऱ्या धवलारनीला कोन बोलवंल, बाय?"

मी नुसती म्हणाले, "आणि टँकरखाली आलेल्या धवलारणीला?" त्यावर ती चिडली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर तयार होऊन बसली. डोक्यात अबोलीचा गजराही होता. डॉक्टरकडे जाताना चांगलं दिसलं पाहिजे, ही तिची पक्की समजूत.

सरकारी दवाखान्यात त्या खोलीबाहेर भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. कोणकोणत्या आजारांना आणि व्यंगांना दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं ते त्यावर लिहिलेलं. कायद्यात एकवीस प्रकार आहेत. मी आपली हात-पाय-डोळे एवढंच धरून चालले होते. तिथे थॅलेसेमिया होता, सिकलसेल होता, रक्त न गोठण्याचा आजार होता, कंपवात होता, बुटकेपणा होता, मनाचे आजार होते, शिकण्यातल्या अडचणी होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. तो किती टक्के आहे ते डॉक्टरांचं मंडळ ठरवतं आणि बहुतेक सवलतींना चाळीस टक्के तरी लागतात.

आतेला अक्षरं जुळवून वाचता येतं. ती बोट लावत एकेक ओळ वाचत होती आणि मध्येच मागे वळून बाकावरच्या माणसांकडे बघत होती. तिचा हिशोब जुळत नव्हता. बाकावर एक धडधाकट मुलगी बसली होती, केसांना छान रंग लावलेला, मोबाइलमध्ये बघत हसत होती. आते माझ्या कानाशी म्हणाली, म्हणजे तिला वाटलं कानाशी, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं, "हिला काय झालाय गो? चांगली हाय की!" मला धरणी दुभंगावी असं झालं. त्या मुलीने मान वर करून आतेला म्हटलं, "मला दर महिन्याला रक्त चढवावं लागतं, आजी. तुम्हाला काय झालंय? तुम्ही पण चांगल्याच दिसताय." आतेने तिचे ओठ वाचले आणि अर्धा गजरा तोडून तिच्या हातात दिला. मग दोघी शेजारी बसल्या. त्या बाकावरच्या बहुतेक माणसांचं दुखणं बाहेरून दिसत नव्हतं. त्यांना ते दाखवून द्यायला बोलावलं होतं, आणि माझ्या आतेने अर्धा जन्म ते न दाखवण्यात घालवला होता.

तपासणी एका छोट्या बंद खोलीत होती. मध्ये काच. काचेच्या आत आते, कानांवर हेडफोन. बाहेर यंत्रापुढे कान तपासणारी मॅडम, तोंडावर मास्क, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असेल. बारीकसा जरी आवाज आला तरी बोट वर करायचं, असं तिने आतेला समोर बसून हातवाऱ्यांनी समजावलं. आतेने मान डोलावली. मी मॅडमच्या मागे स्टुलावर बसले.

मॅडमने बटण दाबलं. आतेचं बोट वर. पुन्हा दाबलं, पुन्हा बोट वर. मी बघतच राहिले. आवाज अगदी बारीक केला तरी बोट वर. मॅडमच्या कपाळावर आठी पडली, पण कागदावर खुणा करत ती पुढे गेली. बाहेर आल्यावर आतेचा चेहरा असा फुललेला की मला वाटलं आता ही पेढे वाटणार. मला म्हणाली, "पास झाले!"

"यांचं ऐकणं जवळजवळ ठीक येतंय हो," मॅडम मला म्हणाली. मग काहीतरी मनात येऊन तिने आतेची पाठ वळलेली असताना मागून मोठ्याने हाक मारली, "आजी, तुमची पिशवी राहिली!" आते चालत राहिली. मॅडमने माझ्याकडे पाहिलं आणि कागद बाजूला ठेवला. "पुढच्या बुधवारी पुन्हा आणा," एवढंच म्हणाली.

रिक्षात मी आतेला इतकी बोलले की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा माझ्याकडे पाहिलं. "परीक्षा होती का ती? नापास व्हायला गेलो होतो आपण!" आते रिक्षाबाहेर बघत होती. तोंडाकडे बघितलं नाही की माझं बोलणं तिच्यापुरतं बंद. तिच्या बहिरेपणाचा एवढा एक फायदा ती घ्यायची.

तिने हे केलं कसं, ते मला त्याच संध्याकाळी कळलं. शेजारची काकी ओट्यावर आली होती. काकी म्हणजे आतेची धवल्यातली जोडीदारीण, तिच्याहून थोडी मोठी. गल्लीतल्या एका घरी लग्न ठरलं होतं, म्हणून दोघी धवला घोळवत बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले आणि दारातच थांबले. काकी ओळ टाकत होती आणि आतेची नजर काकीच्या गळ्यावर होती. काकीचा खांदा श्वासाबरोबर वर गेला, गळ्याची शीर हलली, हनुवटी खाली आली, आणि बरोबर त्या क्षणी आतेने ओळ उचलली. आधी नाही, नंतर नाही. ती दुसरीच्या गळ्याकडे बघून ओळ उचलते आहे हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मॅडमचाही खांदा बटण दाबताना हलत असणार, आणि नंतर आजींनी बोट वर केलं का ते बघायला तिची हनुवटी वर येत असणार. माझ्या आतेने त्या काचेच्या खोलीत बसून धवला म्हटला होता.

मला हसू आलं, आणि चहा ठेवताना रडूही आलं. काकीच्या ते लक्षात आलं असावं. आते कप ठेवायला आत गेली तेव्हा काकी माझ्याकडे वळून म्हणाली, "दवाखान्यात नेलीस म्हनं तिला. काय सांगितला?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. काकी माझ्याकडे बघत राहिली, मग नुसती "बरं" म्हणाली.

पुढच्या बुधवारी मॅडमने खुर्ची फिरवली. आतेचं तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. आते दोनदा मागे वळली. मॅडमने आत जाऊन तिचे खांदे हळूच पकडून तिला सरळ बसवलं. मग सुरू झालं. मॅडम बटण दाबत होती, आवाज वाढवत होती, पुन्हा दाबत होती. आतेचा हात मांडीवर होता, बोट तयार ठेवलेलं. ते हललं नाही. मला तिची फक्त पाठ दिसत होती, अंबाडा आणि त्यातला गजरा. किती वेळ ती तशी सरळ बसून राहिली! शेवटी शेवटी, यंत्रावरचा आकडा बराच चढल्यावर, बोट किंचित उचललं गेलं, खात्री नसल्यासारखं, आणि पुन्हा खाली गेलं. मी ओढणी तोंडात धरून बसले होते.

दार उघडल्यावर आते बाहेर आली आणि वैतागून मला म्हणाली, "किती वेल बसवून ठेवला. मशीन चालूच केली नाय त्यांनी."

मॅडम उठून तिच्या समोर उभी राहिली. मास्क खाली केला आणि एकेक शब्द सावकाश बोलली. "चालू होती, आजी. पूर्ण वेळ चालू होती."

आते तिच्या ओठांकडे बघत राहिली. "म्हंजे किती आवाज झाले?"

"खूप."

"आनि मी एकपन उचलला नाय?"

"शेवटचा एक, तोही पुरता नाही," मॅडम म्हणाली. आते बाकावर बसली. तिने रडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला तिला जवळ घेता आलं असतं. पण ती रडली नाही. गजरा चाचपत म्हणाली, "मना वाटायचं, आताशा लोकंच हलू बोलतात."

पुढे डोक्याला तारा लावून आणखी एक तपासणी झाली. त्यात बोट वर करायचं काम नव्हतं, त्यामुळे फसवायलाही वाव नव्हता. नस अधू झाली आहे, ऐकणं परत येणार नाही, पण मशीनचा उपयोग होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. टक्के चाळीसच्या बरेच वर भरले. प्रमाणपत्र झालं, कार्ड आलं, आणि काही महिन्यांनी योजनेतून कानातलं मशीनही मिळालं. मी कार्ड तिच्या हातात दिलं तेव्हा तिने फोटो बघून "बरी आले हाय" एवढाच शेरा मारला.

मशीन ती घरात घालायची. पहिल्या दिवशी तिने भांडी घासताना मध्येच थांबून मला विचारलं, "पानी एवडं बोलतं?" कावळा, कुकर, शेजारचा टीव्ही, सगळ्याला तिने नावं ठेवली. पण दारात कोणी आलं की मशीन काढून पानाच्या डब्यात. गल्लीत जाताना तर नाहीच. आणि गायची तर ती मशीन घालून मुळीच नाही. मी भांडले, समजावलं, अबोला धरला. "लगीन होऊंदे," ती म्हणायची. लग्न झालं की पुढचं लग्न ठरेल आणि मशीन डब्यातच राहील, हे मला दिसत होतं. टँकर तर रोजच येत होता.

गल्लीतल्या त्या लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात हळदीची तयारी चालली होती. एका कोपऱ्यात डीजेवाला वायरी जोडत होता, पोरं मध्येच गाणं लावून बघत होती. मधोमध पाटावर आते आणि काकी. आजूबाजूला गल्लीतल्या सगळ्या बायका. नवरीच्या आईने डीजे बंद करायला लावला आणि म्हणाली, "चला, सुरू करा."

काकीने सुरू केलं नाही. तिने आतेच्या मांडीवरचा पानाचा डबा ओढून घेतला, उघडला आणि पानांखालून मशीन बाहेर काढलं. मी तिला सांगितलं नव्हतं, शपथ. आतेने तिचं मनगट धरलं. आतेचा चेहरा मला बघवेना.

"घाल," काकी म्हणाली, आतेच्या समोर तोंड धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मना काय म्हाईत नाय काय? तुजा सूर कवाच उतरलाय. तू जातेस तिथं मी येते, म्हनून लोकांना वाटतं धवला असाच हाय. आता माजा दम पुरत नाय गो. तूपन जरा माज्याकडं ये."

आतेने बायकांकडे एकवार नजर फिरवली. नवरीची आई म्हणाली, "आते, घाला हो. आमी काय, डीजेनं अर्ध्या बहिऱ्याच झालोत." बायका हसल्या. आते हसली नाही. पण तिने मनगट सोडलं. काकीने मशीन उलटं घातलं, ते शिट्टी वाजवायला लागलं, मग मी पुढे होऊन ते नीट बसवलं. आतेचा कान गरम लागत होता. ती मान ताठ करून सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मना आयकू येत नाय. बोलायचा तं तोंड माज्याकडं करून बोला."

आणि काकीने ओळ टाकली.

आतेने सवयीने काकीच्या गळ्याकडे पाहिलं आणि ओळ उचलली. जाडसर आवाज, वरच्या ठिकाणी किंचित फाटणारा. अर्धी ओळ झाली आणि ती थांबली. धवला मध्ये तोडायचा नसतो. मी आतेला कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं. तिचं तोंड उघडं होतं आणि ती मांडवाच्या दाराकडे बघत होती, कोणीतरी आत आल्यासारखी. काकीने एका श्वासाचाही खंड पडू दिला नाही. तिने आतेची राहिलेली अर्धी ओळ स्वतःच ओढून नेली, वर पुढची टाकली, आणि आतेच्या गुडघ्यावर हात ठेवला. आतेने पुन्हा सूर धरला. डोळे मिटून, या खेपेला कोणाच्याही गळ्याकडे न बघता, ती शेवटपर्यंत गायली. गालांवरून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही.

धवला संपल्यावर ती काकीकडे वळली. "आय व्हती," म्हणाली. "मांडवात माजी आय गात व्हती."

"ती तर तुज्या गल्यात कवाची येते गो," काकी म्हणाली. "तुलाच आयकू येत नव्हती."

आतेने कानाला हात लावून मशीन जागेवर आहे ना ते बघितलं आणि पुढचा धवला तिने स्वतः सुरू केला.